देवाचे हार, माणसांचे हार

मी, मनकर्णा किसनराव राखोंडे, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा फुलांचा, राहणार बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांनी डॉक्टरांचा दाखला जोडायला सांगितला, तो जोडला आहे. डॉक्टर म्हणाले, आजी, डोक्याला काही झालेले नाही, हृदयाची झडप तेवढी गेली आहे आणि या वयात ती उघडून बघण्यात अर्थ नाही. म्हणजे लिहिण्यापुरते जे लागते ते शाबूत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, गोड बोलून सही घेतलेली नाही. गोड बोलून माझ्याकडून काही करून घेता येत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

अशा कागदात 'जीविताचा भरवसा नाही' असे एक वाक्य घालायची पद्धत आहे. वकीलसाहेबांनी ते घातले होते, मी काढायला लावले. मला भरवसा आहे. मी आज बार्शीटाकळीत आहे आणि उद्या नसले तरी असणारच आहे, फक्त पत्ता बदलेल. या कागदात जे लिहिले आहे ते नव्या पत्त्यावर नेता न येणाऱ्या सामानाबद्दल आहे. एवढे समजून पुढे वाचावे.

१. आधीचा कागद. मागच्या वर्षी नाताळच्या आधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द झाले असे समजावे. ते चांगल्या मनाने केले होते. तरी का रद्द करावे लागले ते घराच्या कलमात येईल. वकीलसाहेबांनी या वेळी आणखी एक गोष्ट बजावली आहे, ती इथेच लिहिते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर मृत्युपत्र टिकते, पण सही करणाऱ्याला दिलेली वस्तू जाते, मग तो साधा चमचा का असेना.

२. माझी माणसे. माझे यजमान किसनराव सहा वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. मुलगी रागिणी अमरावतीला दवाखान्यात नर्स आहे. तिची मुलगी आचल. माझा मुलगा चंदन लहानपणीच गेला, त्याचे पुढे येईल. घराच्या मागच्या अर्ध्या भागात माझी मोठी जाऊ मैनाबाई राहते. तिचे यजमान रामराव, म्हणजे माझे भासरे, तेही आता नाहीत. तिचा मुलगा कुलदीप, त्याचे बी-बियाण्याचे दुकान आहे आणि आवाज मोठा आहे. त्याची बायको आकांक्षा. मैनाबाई आणि तिच्या घरचे हिंदू आहेत. आम्ही दोघी पुढच्या खोलीतले फुलांचे दुकान आजपर्यंत मिळून चालवत आलो. आमच्यात जे काही झाले ते त्या दुकानात झाले.

३. माझा देह. मला अकोल्याला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कबरस्तानात पुरावे. चौकात माझा फ्लेक्स लावू नये. कोणी हट्टच धरला तर आधार कार्डावरचा फोटो वापरू नये, त्यात मी पकडून आणल्यासारखी दिसते. गाणी म्हणावीत, पण पेटी सुरात असेल तरच पेटी वाजवावी.

पाळकसाहेबांना हात जोडून विनंती की संदेश आटोपशीर द्यावा. त्या दिवशी आमची राखोंड्यांची भावकी उन्हात उभी असेल. त्यांना आधी पाणी द्यावे. मी कुठे गेले आणि कोणाच्या भरवशावर गेले ते सरळ शब्दांत सांगावे. 'तुम्ही मेल्यावर कुठे जाल?' असे त्या दिवशी त्यांना विचारू नये. मयताचा हार न्यायला आलेल्या माणसांशी मी जन्मभर बोलत आले आहे. रडणाऱ्या माणसाला धाक घालू नये, त्याच्याजवळ बसावे आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते हळू सांगावे. ऐकायचे असेल तो ऐकतो.

४. दागिने आणि बँकेतले. सोन्याच्या बांगड्या रागिणीला. चांदीचे पैंजण आचलला, ती घालणार नाही हे मला माहीत आहे, तरी तिलाच. बँकेत जे असेल त्यातून माझ्या मातीचा खर्च करावा आणि राहील ते मंडळीच्या विधवा निधीला द्यावे. सासरच्या ज्या नणंदेने माझा लग्नातला शालू 'दोन दिवसांसाठी' नेला होता तिला तो माझ्याकडून भेट दिला असे समजावे. ती आता हयात नाही, तिथे भेटल्यावर मी विषय काढणार नाही.

५. दुकानातले सामान. हाराच्या लांब सुया, कात्र्या, दोऱ्याची रिळे, पितळी तराजू, फुलांवर पाणी मारायचा झारा, जस्ताचा टब आणि बसायचे दोन पाट आकांक्षाला द्यावेत. तिचा हात हलका आहे, मोगऱ्याची कळी तिच्या बोटात मोडत नाही. कुलदीपने बायकोला दुकानात बसू द्यावे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे, पण ती गेली दोन वर्षे तो आपल्या दुकानावर गेला की इथे येऊन बसते, हे त्याला या निमित्ताने कळेल.

या सुयांबद्दल थोडे सांगायला पाहिजे. आम्ही माळी. फुले लावणे आणि ओवणे हेच आमचे. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मंडळीतले भाऊ म्हणाले, बाई, आता मूर्तीचे हार करू नका. भावकीतले म्हणाले, आता हिने देवाच्या फुलाला हात लावू नये. दोन्हीकडच्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले आणि माझी पोटापाण्याची पंचाईत झाली. भासऱ्यांनी अंगणात भिंत घातली. दुकानातही घालणार होते. तेव्हा मैनाबाई नवऱ्यापुढे उभी राहिली. एरवी ती त्यांच्यापुढे बोलत नसे.

"भित आंगनात घाला," ती म्हणाली. "दुकानात घातली त धंदा कोन करन? मी सांगतो तसं करा. देवाचे हार माहे, मानसाचे हार मनकर्णीचे. संपलं."

आणि खरेच संपले. त्या दिवसापासून दुकानात दोन ढीग लागले. देवळाचे, गणपतीचे, महालक्ष्मीचे हार तिच्याकडे. लग्नाचे, मयताचे, निवृत्त होणाऱ्या मास्तरांचे हार माझ्याकडे. पुढाऱ्यांचे हारही माझ्याकडे, जरी त्यांच्यातल्या काहींना ते दुसऱ्या ढिगात जावेत असे वाटत असावे. दसऱ्याला मोटारसायकलीच्या हारांवरून वाद झाला. मोटारसायकल देव नाही आणि माणूसही नाही. मैनाबाई म्हणाली, "पूजा हाये ना? मंग माहं." मी म्हटले, घे.

धंदा असा वाटून घेतला, पण तोंड कोणी वाटून घेतले नव्हते. मी बोलत असे. मयताचा हार न्यायला कोणी आले की मी सांगत असे, बाबा, इथे संपत नाही, पुढे भेट आहे, आणि ती कोणामुळे आहे तेही सांगत असे. काहींनी ऐकले. एकाने हार परत टाकला. मैनाबाई शेजारून म्हणत असे, "गिऱ्हाईकाले आंधी सुट्टे दे, मंग सरग दाखव." तिलाही मी पुष्कळ सांगून पाहिले. तिचे उत्तर ठरलेले, "मले नको सांगू, माह्याजोळ माहे हायेत." मी तिच्या देवांना कधी वाकडा शब्द बोलले नाही. पण मी गप्प बसले असेही नाही.

मग एका डिसेंबरात अकोल्याच्या मंडळीने नाताळचे तोरण आमच्याकडून मागवले. दारापासून दारापर्यंत जाईल एवढे लांब. मैनाबाईने फुले ओतली आणि हात थांबवला.

"मनकर्णे, हा हार देवाचा का मानसाचा? कोनाच्या ढिगात टाकू?"

पत्रिका वाटून, संदेश ऐकवून, शिबिराला चिखलदऱ्याला चल म्हणून जे मला तिला सांगता आले नव्हते ते तिने स्वतःच विचारले. मी म्हटले, "दोन्हीचा हाये बाई. थो देव हाये, आन् मानूस होऊन आला."

तिने थोडा वेळ शेवंती हातात फिरवली. "असं हाये का," म्हणाली. "मंग दोघी करू. थ्या टोकाकून तू, ह्या टोकाकून मी."

एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून आम्ही दोघी ओवत आलो आणि मधोमध गाठ मारली. गाठ तिने मारली, माझी बोटे तेव्हाच थरथरू लागली होती. त्यानंतर दर नाताळला ते तोरण आम्ही तसेच केले. आकांक्षाने सुया जपून ठेवाव्यात, पावसाळ्यात त्यांना गंज चढतो.

६. चंदनचे चांदीचे कडे. माझ्या ट्रंकेत पांढऱ्या फडक्यात बांधलेले आहे. चंदन झाला तेव्हा मला विषमज्वर झाला होता, दूध आटले. मैनाबाईचा कुलदीप तेव्हा तान्हा होता. तिने एका बाजूला कुलदीप आणि एका बाजूला चंदन असे दोघांना वाढवले. सासूबाई म्हणत, एकाचे दूध दोघांत गेले, दोघेही अर्धेच राहतील. कुलदीपकडे पाहून कोणी तसे म्हणणार नाही.

चंदन चार वर्षांचा असताना कावीळ झाली. उतरवणाऱ्याकडे नेले, मुळ्यांची माळ घातली, मग अकोल्याच्या दवाखान्यात नेले. तो तिथेच गेला. त्या वॉर्डात शालू नावाची नर्स होती, ख्रिस्ती. ती माझ्याजवळ खाली फरशीवर बसली. मी तिला काय वाटेल ते बोलले, तुझ्या हातून माझे लेकरू गेले इथपर्यंत बोलले. ती उठली नाही. ड्यूटी संपली तरी बसून राहिली. खूप वेळाने म्हणाली, "मावशी, तो हरवला नाही. तुमच्या आधी पोहोचला." मला तेव्हा ते खोटे वाटले आणि रागही आला. वर्षभर मी त्या एका वाक्याशी भांडले, आणि भांडायला म्हणूनच तिचा पत्ता काढून तिच्या मंडळीत गेले. तिथून मी परत आले ती आजची मनकर्णा.

चंदनला आमच्या रिवाजाप्रमाणे ओढ्याकाठी पुरले होते. ती जागा आता ओळखू येत नाही. मला त्याच्याजवळ पुरा असे मी म्हणत नाही. अकोला काय आणि ओढा काय, हाक एकच येणार आहे आणि आम्ही दोघे एकदमच उठू.

भासरे गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हते. मैनाबाई कोमेजलेली फुले वेगळी काढत होती. वर न बघता म्हणाली, "थो चंदन तुले भेटन म्हंत. मले भेटन का वं? दूध त त्यानं माहं बी पेलं."

मला रडू आवरेना. मी तिला एका दमात सगळे सांगायला लागले, जन्म, वधस्तंभ, तिसरा दिवस, सार्वकालिक जीवन. ती म्हणाली, "पुरे, पुरे. एवढं एका दिसात नको." पण पुढच्या गुरुवारी दुकानात आमची बायकांची प्रार्थना भरली तेव्हा ती उंबरठ्यावर येऊन बसली. मांडीवर फुलांची टोपली. कोणी बघितले की म्हणायची, "मी आयकत नाई, हार करून राहिली." त्या हारांतली फुले उलटसुलट ओवलेली असत, ते मी नंतर उसवून नीट करत असे.

हे कडे पहिल्या कागदात मी मैनाबाईला लिहिले होते. आता ते कुलदीपला द्यावे. दूधभावाची वस्तू आहे, त्याने ठेवावी.

७. घर. घराचा मागचा भाग मैनाबाईचा आहे, त्याला कोणाचा हात लागत नाही. पुढचा भाग, म्हणजे रस्त्याकडची दुकानाची खोली, आतली खोली आणि मोरी, माझ्या नावावर आहे. पहिल्या कागदात मी हा सगळा भाग मैनाबाईला लिहून दिला होता. तिचा तो हक्कच आहे असे मला वाटत होते. माझ्याएवढीच ती त्या खोलीत बसली, आणि अंगणात भिंत घातली गेली तेव्हा दुकान तिने वाचवले. मी अट काही घातली नव्हती. मोठ्या आनंदाने मी तिला हे सांगितले. ती पाण्याचा झारा उचलून बाहेर गेली.

बातमी फुटली. कुलदीप चौकात म्हणाला, काकू घराचं आमिष दाखवून माह्या आईले बाटवून राहिली. गुरुवारी चार पोरे दुकानासमोर मोबाइल धरून उभी राहिली. मी त्यांना चहा केला, त्यांनी तो घेतला आणि शूटिंगही केले. त्याचे मला एवढे काही नाही. पण त्या गुरुवारपासून मैनाबाई उंबरठ्यावर यायची बंद झाली. दुकानात बसे, हार करी, प्रार्थनेची वेळ झाली की टोपली उचलून मागे निघून जाई. मला वाटले, लेकाने दम दिला. महिनाभर मी मनातल्या मनात कुलदीपला सोलून काढले. मग एका सकाळी दुकान उघडताना मी तिला धरलेच.

"काहून येत नाई वं बाई? कुलदीप बोलला का काई?"

"कुलदीपचं काय घेऊन बसली? थो लहानपनापासून बोंबलते." तिने झाडू ठेवला. "तू घर देल्लं आन् माहं तोंड बंद केलं."

मला समजेना. मी म्हटले, "मी तुले काई अट घातली का?"

"नाई घातली. थ्याच्यानंच त झालं. आयक आता. उद्या मले वाटलं का मी बी तुह्या येशूजोळ जावं, त मी ह्या उंबऱ्याच्या अंदर पाय कसा टाकू? लोकं म्हनतीन, घर भेटलं म्हून गेली. लोकाईचं बी सोड. राती आंगावर गोधडी घेतली का मलेच समजनार नाई, मी त्याच्यासाठी गेली का ह्या चार भितीसाठी."

"मंग मी काय करू?"

"माहं नाव काढ त्या कागदातून. मले मोकयी ठेव. मंग मी येईन, नाई त नाई येईन. थे माहं मी पाहीन."

मला राग आला. आधी तिचाच आला. इतकी वर्षे मी हिच्यामागे लागले, आणि हातात आणून दिले ते ही परत करते. दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एक मयताचा हार करत होते, आणि ओवता ओवता माझ्या ध्यानात आले की मला या जगाकडून आता एकच गोष्ट पाहिजे आहे: जिथे मला चंदन भेटेल तिथे मैनाबाई असावी. घर, दुकान, बांगड्या, कशातच माझा जीव अडकलेला नाही, फक्त यात अडकला आहे. आणि तिच्या वाटेत मीच, माझ्या हाताने, माझे घर आणून ठेवले होते. मी फार रडले. हार न्यायला आलेल्यांना वाटले मयताच्या ओळखीची आहे.

म्हणून घराचा माझा भाग मी माझी मुलगी रागिणी हिला देते.

मंडळीतल्या काही भावांची इच्छा होती की दुकानाची खोली प्रार्थनागृहाला द्यावी. त्यांची इच्छा चांगली आहे. पण तसे केले तर कुलदीप चौकात जे बोलला ते लोक खरे मानतील. प्रभूला बार्शीटाकळीत जागा कमी नाही. गुरुवारची प्रार्थना रागिणीने भरू दिली तर दुकानात भरावी, नाही तर बेबीताईच्या गिरणीच्या ओट्यावर बसावे. तिथे पीठ उडते, पण आवाज कोणाला जात नाही.

मैनाबाईच्या दुकानात बसण्याबद्दल मी या कागदात एक अक्षरही लिहीत नाही. रागिणीला बजावूनही सांगितलेले नाही. रागिणी त्याच खोलीत मोठ्याईच्या, म्हणजे मैनाबाईच्या, मांडीवर बसून अक्षरे शिकली, आणि शाळेतून आल्यावर मोठ्याईला सही करायला तिनेच शिकवले. तिला आपले आपण कळत नसेल तर कागदाने कळणार नाही.

८. मोठ्या अक्षरांचे बायबल. हे कुलदीपला द्यावे. आम्ही काय वाचतो याबद्दल तो चौकात पुष्कळ सांगतो, त्याच्याकडे एक प्रत असलेली बरी. वाचायची सक्ती नाही. वाचले तर मधे मधे मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, त्या मी माझ्यासाठी केल्या आहेत, त्याच्यासाठी नाहीत. विकू नये. कुलदीपा, तुझ्यावर माझा राग नाही. तुला माझा राग येतो तो आई हातची जाईल या भीतीने येतो, हे मला समजते. माझेही एक लेकरू हातचे गेले होते. पोरांना चहा पाजला त्याचे कप अजून तुझ्या दुकानात आहेत, ते आकांक्षाकडे पाठवून दे.

९. मैनाबाई रामराव राखोंडे. हिला मी काहीही देत नाही. तराजू नाही, पाट नाही, कडे नाही, माझे एखादे जुने लुगडेही नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही. तिचा माझा बेबनाव नाही. हे तिने मागितले म्हणून आणि मला पटले म्हणून लिहिले आहे. पुढे कोणी विचारले की मनकर्णीने मैनाबाईला काय दिले, तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. हे कलम लिहिताना मला जेवढा त्रास झाला तेवढा या कागदात दुसरे काही लिहिताना झाला नाही.

देत काही नाही, पण तिच्याकडे एक मागणे आहे. मागायला कायद्याची आडकाठी नाही असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्या शवपेटीवर एकच हार असावा, पांढऱ्या शेवंतीचा, आणि तो मैनाबाईने करावा. माणसाचा हार आहे, म्हणजे ठरल्याप्रमाणे माझ्या ढिगातला, पण त्या दिवशी मला हात लावता येणार नाही. तिने आपल्या टोकाकडून ओवत यावे आणि अर्ध्यावर थांबावे. गाठ मारू नये. दुसऱ्या टोकाकडून मी येते. फुले गळाली तर गळू द्यावीत, मागून कोणी उचलेल.

१०. व्यवस्था. या कागदाप्रमाणे सगळे पार पाडायला मी रागिणीला नेमते. तिने घाई करू नये. माझ्या मातीनंतर सगळ्यांना जेवू घालावे, आणि भावकीतले कोणी आमच्या घरचे खाणार नसतील तर त्यांच्यासाठी पिठले-भाकरी मैनाबाईच्या चुलीवर व्हावी. हा कागद मी वाचून पाहिला आहे, जे लिहिले ते मला मान्य आहे, आणि यापुढे मी बदलणार नाही.

(सही) मनकर्णा किसनराव राखोंडे

खाली सह्या करणाऱ्या आम्ही दोघी सांगतो की मनकर्णाबाईने ही सही आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत आणि आपल्या मर्जीने केली, आणि आम्ही तिच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिली: बेबीताई गजानन उमाळे, धंदा पिठाची गिरणी, राहणार बार्शीटाकळी. (सही)

साक्षीदार दुसरी: मैनाबाई रामराव राखोंडे, नाते जाऊ, राहणार बार्शीटाकळी. (सही) हिने आपल्या सहीखाली पुढील शब्द लिहून घेतले: "मले ह्या कागदातून काई भेटलं नाई. चुकून काई भेटलं असन त थे ह्या सहीनं गेलं."

ठिकाण: बार्शीटाकळी, फुलांचे दुकान. गुरुवार, दिनांक २१ नोव्हेंबर २०२४.

सह्यांच्या खाली लिहिलेले धरत नाहीत असे वकीलसाहेब सांगतात. मग हे कोणाला धरायचे नाही म्हणूनच लिहिते. दुसरी साक्षीदार म्हणून मी गिरणीवरच्या आशाबाईला बोलावणार होते. साक्षीदाराला काही मिळत नाही हा नियम रागिणीने मोठ्याईला फोनवर सांगितला, तेव्हा मैनाबाई म्हणाली, "पक्कं ना? मंग सही मीच करतो." आज ती पदर सारखा करून आली, उंबरठ्यावर बसली, आणि रागिणीने शिकवली होती तशी एकेक अक्षर काढत तिने सही केली. पेन माझ्या हातात दिले. तोवर गुरुवारच्या बाया यायला लागल्या होत्या, चटई अंथरली होती.

"झाली ना मी मोकयी?" तिने विचारले.

झालीस, म्हटले.

"मंग सरक जराशी," ती म्हणाली, आणि टोपली उंबरठ्याबाहेर ठेवून आत आली. मी सरकले.